आंबील प्यायला येणारे पटेल

"काल रात्री काय खाल्लं?"

तेलंगणातल्या उटनूरच्या आठवडी बाजारात त्यांच्याकडे भाजी घ्यायला गेलं की भाव सांगायच्या आधी ते हे विचारायचे. थंडीच्या दिवसांत सागाच्या जंगलातलं धुकं सकाळी खाली उतरायचं आणि बाजारावर बसून राहायचं. मला ते आठवतात तेही धुक्यातूनच. आधी ओल्या कोथिंबिरीचा वास येतो, मग पांढऱ्या मिशा दिसतात, मग हा प्रश्न ऐकू येतो. चेहरा पूर्ण दिसायच्या आत आठवण विरून जाते.

"भात," मी सांगायची.

"सकाळी?"

"भात."

"दुपारी?"

"भातच ना जी."

"मंग आलू कायले मागून राह्यली? भातावर आलू म्हंजे भातावर भात. हे अंबाडी ने. मूठभर तुरीची डाळ टाक, लसणाची फोडणी दे. जा."

समोर बटाट्यांचा ढीग असताना बटाटे न विकणारा भाजीवाला मी दुसरा पाहिला नाही. सगळे त्यांना पटेल म्हणायचे. आमच्याकडे शेती असलेल्या कुणालाही पटेल म्हणायची रीत आहे. त्यांची शेती दीड एकर होती, त्यात वांगी, मेथी, चवळी आणि बांधावर शेवगा. जातीने माळी. बायको वारलेली. मुलगा बाजारात त्यांच्याच शेजारी बसायचा आणि बापाने परत पाठवलेलं गिऱ्हाईक हाक मारून वळवायचा.

एकदा बँकेतले एक साहेब आले. पोट सदऱ्याच्या गुंड्या ताणत होतं. पटेल परक्या माणसाशी हिंदीत बोलायचे. "साब, आलू नहीं देता आपको. दोडका लेव."

"क्यों नहीं देता?"

"नीचे देखो. अपने पाँव दिखते क्या?"

साहेब लाल झाले. मुलगा कपाळावर हात मारून म्हणाला, "बापू, गिऱ्हाईक हाय ते, पेशंट नाई!" पण साहेबांनी खरंच खाली पाहिलं, आणि मग दोडके घेतले. पुढच्या बाजारीही तेच आले, आणि काल रात्री काय खाल्लं ते कुणी न विचारताच सांगू लागले.

आमच्या कॉलेजचा एक पोरगा थंड पेयाची बाटली घेऊन तिथे उभा होता, तेव्हाचं तर मला अजून दिसतं. पटेल त्याला म्हणाले, "दोन घोट मातीले दे." पोराने हसत दिले. आम्ही सगळे वाकून पाहत राहिलो. थोड्या वेळाने कुठून कुठून मुंग्या निघाल्या, काळी रेघ होऊन त्या ओल्या डागाकडे चालल्या. पटेल हळूच म्हणाले, "बाकीची बाटली तुह्या पोटात हाय. आता हे सगळे पाहुणे तिकडं येतीन." पोरगा रात्रभर झोपला नाही म्हणे. पेय सुटलं की नाही ते माहीत नाही, पण त्यांच्यासमोर पुन्हा कधी बाटली घेऊन आला नाही.

दुपारी ते जेवायला बसले की धंदा बंद. ज्वारीची भाकरी, कांदा आणि जी भाजी सकाळपासून विकली गेली नाही ती. डोळे मिटून चावायचे. इतके सावकाश की वाटावं, झोप लागली. गिऱ्हाइकं त्यांना उठवत नसत, भाजी निवडून पैसे मुलाकडे देऊन निघून जात. मी एकदा विचारलं, "पटेल, डोळे काऊन मिटता?" ते डोळे न उघडता म्हणाले, "डोळे उघडे असले का जीभ ऐकत नाई." आणि संध्याकाळी सूर्य झाडांवर टेकला की ते गाठोडं बांधायचे. अंधार पडायच्या आत त्यांचं जेवण व्हायलाच पाहिजे. "सूर्य अन् मी एकाच टायमाले ताट उचलतो," म्हणायचे, आणि सूर्याकडे असं पाहायचे जसं कुणी सोबतच्या माणसाची वाट पाहावी.

पाणी कसं प्यायचं हे मला त्यांनी शिकवलं. मी तेव्हा डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असं वाटायचे दिवस. मी उभ्याने बाटली तोंडाला लावलेली पाहून ते म्हणाले, "बस आधी. हं. घोट तोंडात धर. आता सोड. ऐक, कुठवर गेला?"

मी डोळे मिटून ऐकलं. बाजाराचा सगळा गलका दूर गेला. गळ्यातून, छातीतून एक गार वाट खाली खाली जात राहिली.

"पोट सकाळी झोपेत असते," ते म्हणाले. "त्याले गदगदा हलवू नये. आधी कोमट पाणी. मंग वाटीभर काहीतरी पातळ. मंग जेवण. उठल्याबरोबर चहा म्हंजे झोपलेल्याच्या कानात ढोल."

आता मी बेल्लमपल्लीला शाळेत शिकवते. पहाटे कोळशाची मालगाडी शिट्टी देते, तेव्हा मी ओट्याशी पाट टाकून बसते आणि कोमट पाणी घोट घोट पिते. अर्धी जागी, अर्धी झोपेत. कधी कधी तो घोट कुठवर गेला ते खरंच ऐकू येतं. वर्गातल्या मुलांना मी आहाराचा धडा शिकवते तेव्हा पुस्तकातले शब्द माझे असतात, पण आवाज त्यांचा लागतो.

ते काही साधू नव्हते हेही सांगायला हवं. बाजारामागच्या भिंतीआड ते दर बाजारी दोन बिड्या ओढायचे. एकदा मी पाहिलं. ते दचकले नाहीत. धूर सोडून म्हणाले, "हे खाणंबी नाई अन् पिणंबी नाई. हे माह्या नियमात येत नाई." आणि मग, जरा थांबून, "मुलाले सांगू नको."

खरं म्हणजे मला लिहायचं आहे ते त्यांच्या आणि माझ्या बाबांच्या गोष्टीविषयी.

बाबा तहसीलच्या ऑफिसात अटेंडर होते. फायली इकडून तिकडे नेणं आणि सगळ्यांना चहा देणं हे त्यांचं काम. ते स्वतः चहा करायचे आणि दिवसभरात स्वतःही दहाबारा वेळा प्यायचे, साखर सढळ. आम्ही बौद्ध. माझे आजोबा नेरडीगोंड्याकडच्या एका गावात एका जमीनदाराकडे सालदार होते, म्हणजे वर्षाच्या करारावरचे शेतगडी. दुपारी मालकाच्या घरून त्यांना ज्वारीची आंबील यायची आणि शिवाशिव नको म्हणून ती त्यांच्या ओंजळीत वरून ओतली जायची. बाबांनी ते लहानपणी पाहिलं होतं. नोकरी लागली त्या दिवसापासून त्यांनी ज्वारी घरात येऊ दिली नाही. "आपल्या घरात तीन वेळा भात शिजते," ते पाहुण्यांना सांगायचे. आणि चहाविषयी बोलताना तर त्यांचा चेहरा उजळायचा. "ज्यांच्या दारात माहा बाप उभा राहू शकत नव्हता, त्यांची पोरं माह्या हातचा चहा पितात."

पटेल एकदा जमिनीच्या पहाणीच्या, म्हणजे तुमच्याकडच्या सातबाऱ्याच्या, नकलेसाठी ऑफिसात आले होते. बाबांनी जुन्या फायलींच्या गठ्ठ्यातून त्यांचा कागद शोधून दिला. उपकाराची परतफेड म्हणून पटेल दुसऱ्या दिवशी मेथीच्या जुड्या घेऊन आमच्या घरी आले. बाबांना किती आनंद झाला! त्यांनी मायला बाजूला करून स्वतः चहा टाकला. वेलची कुटली, साखर नेहमीपेक्षा जास्त घातली, नव्या कपबशीत ओतला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

पटेल म्हणाले, "मी चहा पीत नाई."

"आज घ्या जी. एक दिवस."

"नाई. मले चालत नाई."

बाबा कप धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी तो खाली ठेवला. पटेल थोडा वेळ बसले, मेथी कशी निवडावी ते मायला सांगितलं आणि गेले. कपावर साय धरली होती. बाबा तिच्याकडे पाहत म्हणाले, "मले चालत नाई, म्हणे. पाहिलं का? काय चालत नाई ते आपल्याले ठाऊक हाय."

"अहो, ते कुठंच पीत नाई चहा," माय म्हणाली. "सारा बाजार सांगते."

"बाजारात नाई पीत ते त्यायची खुशी. माह्या घरात नाई पीत ते कायची खुशी हाय?"

मेथी त्या दिवशी शिजली नाही. आमच्या घरी पटेलांची भाजी येणं बंद झालं. मी दुसऱ्या टोकाला जाऊन भाजी घ्यायची आणि परत येताना मान खाली घालायची. मला वाटायचं ते लांबून माझ्याकडे पाहत आहेत. कदाचित पाहत नसतीलही.

पुढच्या थंडीत बाबांना चप्पल लागली. उजव्या पायाच्या अंगठ्याजवळ लहानसा फोड. फोड फुटला, जखम झाली, आणि ती भरेचना. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा कळलं की शुगर किती वाढली आहे आणि किती दिवसांपासून. डॉक्टरीणबाईंनी तेलुगूत समजावलं, मी मराठीत सांगितलं. गोळ्या रोज, मलमपट्टी रोज, साखर बंद, भात कमी, ज्वारी-नाचणी सुरू. असंच चाललं तर अंगठा काढावा लागेल, आणि अंगठ्यावर थांबेल याची खात्री नाही.

बाबांनी गोळ्या घेतल्या. बाकी काहीच ऐकलं नाही. मायने मावशीकडून नेरडीगोंड्याहून ज्वारीचं पीठ मागवलं आणि भाकरी केली, तर त्यांनी ताट सरकवलं. "माह्या बापानं जन्मभर हेच खाल्लं. मी खावं म्हणून नाई खाल्लं त्यानं." मी रडले, भांडले. पुस्तकातलं सगळं सांगून झालं. ते म्हणाले, "तू शिकली, लय चांगलं झालं. पण मले सालदार नको करू." आणि भात मागितला.

जखमेभोवतीची कातडी काळी पडू लागली.

त्या आठवड्यात मी बाजारात गेले आणि पाय आपोआप पटेलांकडे वळले. त्यांनी काल काय खाल्लं ते विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "कोण आजारी हाय?"

मी सगळं सांगितलं. पायाचं, ज्वारीचं आणि शेवटी चहाचंही. त्यांच्या हातातली जुडी तशीच राहिली. ते बोलले, पण माझ्याशी बोलत होते असं वाटलं नाही. "माहीवाली दर बाजारी जिलेबीची वाट पाहे. मी नेत होतो. शुगर हाय म्हणून कळलं, तरी नेत होतो, थोडी थोडी. तिचा पाय असाच गेला. पायामागून तीबी गेली. तवापासून गोड तोंडात जात नाई." मग मान हलवून म्हणाले, "हे मी अटेंडरले तवाच सांगाले पायजे होतं. कोणाच्या दारात बसून कसं सांगाव?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात उभे होते. हातात काहीच नव्हतं. बाबा खाटेवर पाय वर करून बसले होते.

"जयभीम, अटेंडरसाहेब."

बाबांना आयुष्यात पहिल्यांदा कुणा पटेलाने आधी जयभीम घातला असेल. बाबा गडबडले. "जयभीम जी. बसा."

"बसतो. मागाले आलो. माह्या घरी आता कोणी आंबील करत नाई. सून म्हणते, वास येते. तुमच्या घरी ज्वारीचं पीठ हाय म्हणे. मले सकाळी वाटीभर आंबील पाजत जा. म्हाताऱ्याचं पोट हाय, दुसरं काही मानत नाई."

मायने बाबांकडे पाहिलं. दारात आलेल्या माणसाने खायला मागितलं आणि बाबांनी नाही म्हटलं, असं कधी झालं नव्हतं. ते म्हणाले, "पाज."

रात्री ताकात पीठ भिजवायचं, सकाळी पाण्यात शिजवायचं, मीठ, जिरं, लसूण. रोज साडेसहाला पटेल यायचे. धुक्यातून आधी खोकला ऐकू यायचा, मग काठी, मग ते. आमच्या स्वयंपाकघरात खाली बसायचे, आमच्या वाटीत प्यायचे, डोळे मिटून. पहिले दोन दिवस बाबा खाटेवरून पाहत राहिले. तिसऱ्या दिवशी पटेल म्हणाले, "एकट्यानं कोण पीत असते का? घरधनी जवळ बसला नाई तं पाहुण्याच्या घशाखाली उतरत नाई." आणि वाटी खाली ठेवून बसून राहिले. वाफ निघून गेली. आंबिलीवर पातळ पापुद्रा आला. शेवटी बाबा भिंतीला धरून उठले आणि त्यांच्यासमोर येऊन बसले. मायने न विचारता दुसरी वाटी भरली.

बाबांनी पहिला घोट घेतला तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते, पण पटेलांसारखे नाही. औषध पिताना मिटतात तसे.

हळूहळू सकाळचा चहा मागे पडला. दुपारी भाकरी आली, तीही पाहुणा असला तरच. पटेल मग दुपारीही येऊ लागले. पट्टी करायला येणारी नर्स म्हणाली की कडा लाल व्हायला लागल्या आहेत. पटेल ओरडायचे, "गोळी घेतली का? गोळी तिचं काम करते, ताट त्याचं काम करते. एकानं सुट्टी घेतली तं दुसरं मरते." पण बाबांच्या मनातलं गेलं नव्हतं. पटेल गेले की ते म्हणायचे, "आपल्या घरात पितात, चार भिंतीत. बाहेर कोण पाहाले येते?"

"तुमी पाहून राह्यले ना," माय म्हणायची.

"मी पाहून काय होते? त्यायच्या लोकायनं पाहाव."

मग बाजाराचा दिवस आला. पटेलांना पहाटेच बाजारात जाऊन बसावं लागायचं, म्हणून ते आले नाहीत. आधीच्या बाजारीही आले नव्हते, पण त्या दिवशी बाबांना ते सहन झालं नाही. वाटी समोर होती आणि ते पीत नव्हते. माय विनवत होती. एकदम ते उठले, आंबिलीचा गंज, म्हणजे उभं पातेलं, उचलला, झाकण ठेवलं आणि मला म्हणाले, "चल."

"बाबा, पाय!"

"पाय मंग पाहू. चारचौघांत पितात का ते पाहाचं हाय आज."

पट्टी बांधलेल्या पायात चप्पल अर्धीच अडकली होती. आम्ही धुक्यातून चाललो. गंजातली वाफ झाकणाच्या फटीतून निघून बाबांच्या तोंडावर येत होती. मला तो सगळा रस्ता स्वप्नासारखा आठवतो. माणसं समोरून येत होती, बाजूने जात होती आणि कुणाचाच आवाज येत नव्हता.

पटेल गिऱ्हाइकांत होते. त्यांच्या आळीतल्या दोन बायका मेथी निवडत होत्या. मुलगा शेजारी बसला होता. बाबा समोर जाऊन उभे राहिले. पटेलांनी आधी पाय पाहिला. "असे चालत कायले आले? चपलीचा पट्टा घासून राह्यला ना!"

"तुमची आंबील राह्यली होती," बाबा म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. बायकांनी वर पाहिलं.

मुलगा हळूच म्हणाला, "बापू, राहू द्या आता. मंग त्यायच्या घरी जाऊन प्या."

मी पिशवीत हात घातला आणि माझ्या लक्षात आलं की घाईत वाट्या आणल्याच नाहीत. बाबांनाही ते कळलं. मला वाटलं आता ते परत फिरतील, आणि परत फिरले तर पुन्हा कधी ज्वारीला हात लावणार नाहीत.

पटेल उठले. पोत्यावर जागा केली आणि बाबांना हाताला धरून बसवलं. "आधी तुमी प्या," ते म्हणाले. "तोंड लावून. मले तुमच्या मागून द्या."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग गंज उचलून काठाला तोंड लावलं आणि प्यायले. आंबील त्यांच्या हनुवटीवरून ओघळली. पटेलांनी त्यांच्या हातून गंज घेतला, फिरवला नाही, पुसला नाही, त्याच काठाला तोंड लावलं आणि डोळे मिटले. बाजार चालूच होता. मेथी निवडणाऱ्या बायकांपैकी एक उठून गेली. दुसरी बसून राहिली. मुलाने मान वळवली आणि खाली पडलेली शेवग्याची शेंग उचलून उगाच पुसत बसला. पटेल सावकाश पीत होते, कुणाचीही घाई नसल्यासारखे, आणि मिशा पांढऱ्या होत्या त्या आणखी पांढऱ्या झाल्या.

बसून राहिलेल्या बाईने विचारलं, "पटेल, मेथी कशी दिली?"

"थांब," ते म्हणाले. "जेवून राह्यलो."

पायाची जखम पुरती भरायला होळी उजाडली. अंगठा शाबूत राहिला. पण ते पुढचं.

त्या दिवशी परत येताना बाबा धान्याच्या दुकानाशी थांबले आणि आत बोट दाखवून म्हणाले, "ज्वारी द्या. दहा किलो."

उटनूरमध्ये आता बरेच लोक ज्वारी घेतात ती कोंबड्यांसाठी. दुकानदाराने हलक्या प्रतीच्या पोत्यात माप घातलं. "अटेंडरसाहेब, कोंबड्या पाळल्या का?"

"नाई जी," बाबा म्हणाले. "चांगली द्या. आमच्या घरी खायले पायजे."